चक्राच्या पोटांतलें चक्र

(नभोवाणीवरील भाषण)

म, य, र, स, त, ज, भ, न. वृत्तांचा थोडाफार परिचय असलेल्या प्रत्येकाला हे आठ गण पाठ असतात. लघु आणि गुरु अशीं दोनच प्रकारचीं अक्षरें. तीन-तीन अक्षरांचा एकेक गण. तेव्हां एकंदर गण आठ, हा हिशेब सर्वांना ठाऊक आहे. परंतु हे आठ गण नेमक्या याच क्रमानें कां यावेत, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. श्रोतेहो, आजचें भाषण या लहानशा प्रश्नापासून निघेल, लातूर, कंधार आणि देवगिरि या आपल्या मराठवाड्यांतील तीन स्थळांवरून जाईल, आणि संगणकासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याच्या टेबलापाशीं येऊन पोंचेल.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर पहिल्या ओळींत तीन गुरु लिहा. हा मगण झाला. आतां डावीकडून पाहत चला. जो पहिला गुरु भेटेल त्याच्याखालीं लघु लिहा. त्याच्या उजवीकडचीं अक्षरें वरच्या ओळींत असतील तशींच खालीं उतरवा. डावीकडे जागा राहिली असेल तर ती गुरूंनीं भरून काढा. लघु, गुरु, गुरु असा यगण मिळाला. पुन्हां तोच नियम लावा. या वेळीं पहिला गुरु दुसऱ्या जागीं आहे; त्याच्याखालीं लघु, उजवीकडचा गुरु तसाच, आणि डावीकडची रिकामी जागा गुरूनें भरलेली. हा रगण. असें करीत गेलें म्हणजे स, त, ज, भ हे गण ओळीनें येतात आणि शेवटीं तिन्ही अक्षरें लघु असलेला नगण येतो. आतां ज्याच्याखालीं लघु लिहावा असा गुरुच उरलेला नाहीं, म्हणून काम संपलें. थांबण्यासाठीं निराळा पहारेकरी नेमावा लागत नाहीं. थांबण्याची जागा नियमाच्याच पोटांत आहे. या मांडणीस प्रस्तार म्हणतात, आणि तिचें मूळ पिंगलाच्या छंदःसूत्रांत आहे.

आतां या आठ ओळींकडे उभ्या नजरेनें पाहा. डावीकडचें अक्षर प्रत्येक ओळीला पालटतें. मधलें अक्षर दोन-दोन ओळींनीं पालटतें. उजवीकडचें चार ओळी स्थिर राहून मग पालटतें. जणूं तीन चाकें एकमेकांत बसविलेलीं आहेत. आंतलें चाक आपला फेरा पुरा करतें तेव्हां मधलें एक पाऊल पुढें सरकतें. मधल्याचा फेरा पुरा झाला कीं बाहेरचें हलतें. जपमाळ ओढणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं. १०८ मणी ओढले कीं एक माळ झाली. माळांची मोजणी निराळी ठेवावयाची. आणि मेरुमणि ओलांडावयाचा नाहीं. संगणकशास्त्रांत अशा रचनेस ‘नेस्टेड लूप’ म्हणतात. आपण तिला आवर्तनांतलें आवर्तन म्हणूं.

चाक फिरविणें ही कांहीं मोठी विद्या नव्हे. बैलही रहाट फिरवितो. खरी विद्या फिरणाऱ्या चाकांना ताब्यांत ठेवण्याची. तींत तीन प्रश्न येतात. एक, थांबावें कोठें? दुसरा, कोणती फेरी निष्फळ आहे हें वेळींच ओळखून ती सोडून कशी द्यावी? आणि तिसरा, सर्व फेरे न फिरतां इष्ट स्थळीं थेट कसें पोंचावें? हे तीन प्रश्न आपल्या भूमींत शतकानुशतकें विचारले गेले, आणि त्यांचीं उत्तरें शोधणाऱ्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत.

प्रथम लातूर. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुराचे अधीश्वर’ म्हणवीत. हें लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर असें इतिहासकार सामान्यतः मानतात. या घराण्यांतील अमोघवर्ष नृपतुंग यानें इ. स. ८१४ पासून साठांहून अधिक वर्षें राज्य केलें. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकांतील मालखेड, येथें होती; परंतु घराण्याच्या बिरुदांत मूळ गांवाचें नांव शेवटपर्यंत राहिलें. त्याच्या आश्रयानें इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यानें ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यांत प्रस्ताराची रीत आहेच. त्याखेरीज, अनेक वस्तूंतून कांहीं वस्तू निवडण्याचे एकंदर प्रकार किती, याचा सर्वसाधारण नियमही आहे. उदाहरण तो स्वयंपाकघरांतलें घेतो. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहा रसांचीं मिश्रणें किती होतील? एकेका रसाचीं ६, दोहोंचीं १५, तिहींचीं २०, चोहोंचीं १५, पांचांचीं ६ आणि सहांचें १, एकूण ६३. ही संख्या मिळविण्यासाठीं एकही मिश्रण करून चाखावें लागत नाहीं. चाकें किती वेळां फिरतील हें चाकें फिरविण्यापूर्वींच सांगणें, ही नियंत्रणाची पहिली पायरी होय.

नांदेड जिल्ह्यांतील कंधार हें गांवही राष्ट्रकूटांचेंच. तेथील किल्ल्याचा संबंध तिसरा कृष्ण या राजाशीं जोडला जातो. त्याचा राज्यकाल इ. स. ९३९ ते ९६७. हलायुध नांवाच्या पंडितानें ‘कविरहस्य’ या आपल्या काव्यांत संस्कृत क्रियापदांचीं रूपें शिकवितां शिकवितां राष्ट्रकूट कृष्णराजाची स्तुति केली आहे, आणि हा कृष्णराज म्हणजे तिसरा कृष्णच असें बहुतेक विद्वान मानतात. पुढें माळव्यांत परमार राजा मुंजाच्या पदरीं असतांना हलायुधानें पिंगलाच्या सूत्रांवर ‘मृतसंजीवनी’ ही टीका लिहिली. एक, मग दोन, मग तीन अशा वाढत्या घरांचा जो संख्यांचा पर्वत पश्चिमेकडे पुढें पास्कालच्या नांवानें ओळखला गेला, तो या टीकेंत मेरुप्रस्तार या नांवानें स्पष्ट मांडलेला आहे.

पिंगलाच्या परंपरेंत ‘नष्ट’ आणि ‘उद्दिष्ट’ असे दोन विधि आहेत. प्रस्तारांतील एखादी ओळ पुसली गेली, तिचा क्रमांक मात्र ठाऊक आहे. तर ती ओळ पुन्हां कशी मिळवावी, हें नष्ट. ओळ समोर आहे, पण तिचा क्रमांक ठाऊक नाहीं; तो कसा काढावा, हें उद्दिष्ट. नष्टाची रीत ऐका. क्रमांक सम असेल तर लघु लिहून त्याचें अर्ध करावें. विषम असेल तर गुरु लिहून एक मिळवून अर्ध करावें. पांचवा गण कोणता? पांच विषम, म्हणून गुरु. एक मिळवून अर्ध केलें, तीन. तीन विषम, म्हणून गुरु. एक मिळवून अर्ध, दोन. दोन सम, म्हणून लघु. गुरु, गुरु, लघु, म्हणजे तगण. आणि म, य, र, स, त या क्रमांत पांचवा तगणच आहे. आठ ओळींत या युक्तीचें महत्त्व भासत नाहीं. पण वीस अक्षरांच्या चरणाच्या प्रस्तारांत दहा लाखांहून अधिक ओळी असतात. तेथें मधली एखादी ओळ शोधण्यासाठीं आरंभापासून लिहीत बसणाऱ्याचें आयुष्य सरेल; नष्टविधि जाणणाऱ्यास वीस वेळां अर्ध करणें पुरतें.

आतां देवगिरि. यादव राजा सिंघण याच्या राज्यांत, म्हणजे इ. स. १२१० ते १२४७ च्या सुमारास, शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या घराण्याचें मूळ काश्मिरांत. त्याचा पिता सोढल यादवांच्या सेवेंत होता, आणि शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. संगीताच्या ग्रंथांत हिशेबनिसाची नजर कशी उतरली हें पाहण्यासारखें आहे. सात स्वर, प्रत्येक एकदांच घ्यावयाचा. तर त्यांचे क्रम किती? एकपासून सातपर्यंतच्या अंकांचा गुणाकार ५,०४०. या उलटसुलट क्रमांस तो कूटताना म्हणतो. छप्पन्न मूर्च्छनांत मिळून अशा पूर्ण ताना २,८२,२४० होतात, हा आंकडाही त्यानें दिला आहे.

त्याच सिंघणाच्या दरबारीं चांगदेव नांवाचा ज्योतिषी होता. तो ‘लीलावती’कार भास्कराचार्याचा नातू. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यानें चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला. त्याचा शिलालेख आजही प्रसिद्ध आहे. ‘लीलावतीं’त, इ. स. ११५० मध्यें, भास्कराचार्यानें विचारलें होतें कीं शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंची अदलाबदल केली तर मूर्तीचे भेद किती होतील? उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांचे मात्र २४ च. दर मिनिटास एक ओळ या वेगानें रात्रंदिवस लिहीत राहिलें तर सात स्वरांच्या ताना साडेतीन दिवसांत संपतील. शंकराचे भेद लिहिण्यास २,५२० दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षें लागतील. सातावरून दहावर गेलों इतकेंच. पण चाकाच्या आंत आणखी तीन चाकें बसलीं कीं दिवसांचीं वर्षें होतात. आवर्तनांवर ताबा ठेवणें कां अगत्याचें आहे, तें या एका उदाहरणावरून दिसून येईल.

शार्ङ्गदेवाची प्रस्ताराची रीत अशी आहे. पहिली ओळ मूळ क्रमाची. पुढची ओळ लिहितांना डावीकडून असा पहिला स्वर शोधावा कीं ज्याच्याखालीं मूळ क्रमांतील त्याच्या आधींचा स्वर ठेवतां येईल. मात्र तो आधींचा स्वर वरच्या ओळींत उजवीकडे पुढें येत असेल, तर तो सोडून त्याच्याही आधींचा पाहावा. उजवीकडचे स्वर तसेच उतरवावे, आणि उरलेले डावीकडे मूळ क्रमानें मांडावे. तीन स्वरांवर हें करून पाहा: सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. मूळ क्रम पूर्ण उलटा झाला कीं पुढें जाण्यास वाव राहत नाहीं, तोच थांबा.

या रीतींतील ‘पुढें येत असेल तर सोडून द्यावा’ ही अट सोन्याच्या मोलाची आहे. ती नसती तर काय झालें असतें? सात जागांवर सात चाकें, प्रत्येकावर सातही स्वर, अशीं चाकें बेधडक फिरविलीं तर ८,२३,५४३ ओळी निघतात. त्यांतल्या बहुतेकांत कोणता ना कोणता स्वर दोनदां आलेला असतो. उपयोगाच्या ओळी ५,०४० च. म्हणजे सुमारें १६३ ओळींमागें एक. नवशिका विद्यार्थी आज्ञावली लिहितो तेव्हां हेंच करतो. सातही चाकें फिरवून पूर्ण ओळ तयार करतो, मग तपासून ती टाकून देतो. जाणता मनुष्य दुसऱ्याच चाकापाशीं तपासतो. पहिला स्वर सा आणि दुसराही सा आला, तर आंतील पांच चाकांना हात लावण्याचें कारणच नाहीं. एका नकारानें १६,८०७ फेरे वांचतात. शार्ङ्गदेव तर त्याच्याही पुढें गेला. निष्फळ ओळ निर्माणच होऊं नये, अशी त्यानें नियमाची बांधणी केली.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या खंडमेरूंत आहे. सात उभे स्तंभ आंखावे. पहिल्यांत १, दुसऱ्यांत ० आणि १, तिसऱ्यांत ०, २, ४, चौथ्यांत ०, ६, १२, १८, पांचव्यांत २४ च्या पटी ९६ पर्यंत, सहाव्यांत १२० च्या पटी ६०० पर्यंत, सातव्यांत ७२० च्या पटी ४,३२० पर्यंत. प्रत्येक स्तंभांतील सर्वांत मोठा अंक घेऊन बेरीज केली तर ती बरोबर ५,०४० येते. या घरांत खडे ठेवून कोणतीही तान क्रमांकावरून, अथवा क्रमांक तानेवरून, काढतां येतो.

समजा, ४,००० वी तान हवी आहे. प्रस्तारांत पहिल्या ७२० ओळींच्या शेवटीं नि असतो, पुढच्या ७२० च्या शेवटीं ध, मग प, म, ग, रे आणि सा. ४,००० मधून पांच गटांचे ३,६०० गेले. सहावा गट रे चा. शेवटचा स्वर ठरला, रे, उरले ४००. आतां उरलेल्या सहा स्वरांत १२० चे गट. तीन गटांचे ३६० गेले. नि, ध, प यांच्यामागून चौथा म. शेवटून दुसरा स्वर म; उरले ४०. त्यांतून २४ गेले, नि च्या मागून ध, उरले १६. त्यांतून ६ चे दोन गट, म्हणजे १२, गेले, ग आला, उरले ४. त्यांतून २ गेले; प आला; उरले २. त्यांतून १ गेला, सा आला, आणि उरलेला नि आरंभीं बसला. तान झाली: नि सा प ग ध म रे. पडताळा पाहावयाचा तर १, १, २, १२, २४, ३६० आणि ३,६०० यांची बेरीज करा. ती ४,००० भरते. ३,९९९ ओळी न लिहितां सहा वजाबाक्यांत इष्ट स्थळ गांठलें.

आतां आधुनिक काळाकडे वळूं. इंग्लंडांत चार्ल्स बॅबेजच्या नियोजित यंत्राविषयीं लिहितांना इ. स. १८४३ मध्यें एडा लव्हलेस या विदुषीनें चक्राच्या आंत चक्र ही कल्पना स्पष्ट शब्दांत मांडली. बॅबेजचें तें यंत्र त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. इ. स. १९५७ मध्यें फोरट्रान ही भाषा प्रचारांत आली, तेव्हांपासून आवर्तनांतलें आवर्तन लिहिणें हें आज्ञाकारांचें नित्याचें काम झालें, आणि जुना प्रश्न नव्या वेषांत पुढें आला. आंतल्या चक्रांत हवी ती वस्तु सांपडली. आतां बाहेर कसें पडावें? सी या भाषेंत ‘ब्रेक’ ही आज्ञा आहे. पण ती फक्त सर्वांत आंतलें चक्र तोडते. बाहेरचें चक्र फिरतच राहतें, आणि नवशिक्याला आपला हिशेब कां चुकला हें उमगत नाहीं. वाड्यांतल्या माजघराचें दार उघडलें म्हणजे मनुष्य ओसरीवर येतो, रस्त्यावर नव्हे. तसाच हा प्रकार.

एकदम रस्त्यावर नेणारी ‘गोटू’ नांवाची उडीची आज्ञा होती. परंतु वाटेल तेथून वाटेल तेथें उडी घेणाऱ्या आज्ञावलींचा पुढें कोणालाच थांग लागेना. इ. स. १९६८ मध्यें एड्सगर डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञानें त्या आज्ञेविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध केलें आणि मोठा वाद माजला. सी भाषेवरील इ. स. १९७८ च्या प्रमाणभूत ग्रंथाला मात्र कबूल करावें लागलें कीं एकाहून अधिक चक्रांतून एकदम बाहेर पडण्यास हीच उडी कधीं कधीं उपयोगी पडते. पुढें इ. स. १९९५ मध्यें जगापुढें आलेल्या जावा भाषेनें मध्यममार्ग काढला. बाहेरच्या चक्राला नांव द्यावें, आणि आंतून बाहेर पडतांना कोणतें चक्र तोडावयाचें तें नांवानिशीं सांगावें. म्हणजे उडी आहे, पण ती कोणत्या दारानें हें आधींच ठरलेलें.

येथें एक सावधगिरीचा शब्द बोलणें अवश्य आहे. शार्ङ्गदेवानें संगणक कल्पिला, किंवा महावीराचार्यानें आज्ञावली लिहिली, असें म्हणणें हा त्यांचा गौरव नव्हे. तें आपलें अज्ञान होय. त्यांच्यापुढें यंत्र नव्हतें. वृत्तें होतीं, स्वर होते, आणि मनुष्याचें अल्प आयुष्य होतें. पण याच्या उलट, हा विचार परक्या देशांत परवां जन्मला आणि आपण तो केवळ उसना घेतला, हें समजणेंही तितकेंच चुकीचें आहे. डोनाल्ड नूथ या अमेरिकन पंडितानें आपल्या बृहद्ग्रंथाच्या इ. स. २०११ मध्यें निघालेल्या खंडांत या शास्त्राचा इतिहास सांगतांना शार्ङ्गदेवाचा आदरानें उल्लेख केला आहे. पुण्याच्या आनंदाश्रमानें ‘संगीतरत्नाकर’ इ. स. १८९६–९७ मध्येंच छापला होता. म्हणजे ग्रंथ आपल्या घरांत होता. गणित शिकणाऱ्यानें संगीताच्या कपाटाकडे पाहिलें नाहीं, इतकेंच.

गवयांनीं मात्र तें कपाट बंद होऊं दिलें नाहीं. मेरुखंड या नांवानें स्वरांच्या क्रमांचा अभ्यास चालत राहिला, मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यांत त्याची जोपासना झाली, आणि इंदूरचे उस्ताद अमीर खां (इ. स. १९१२–१९७४) यांच्या संथ आलापींत त्याचें तेज सर्वांनीं ऐकलें. त्यांनीं मैफलींत पांच हजार चाळीस ताना कधींच म्हटल्या नाहींत. रागाला जो क्रम मानवत नाहीं तो सोडला, जो खुलतो तेथें रेंगाळले, आणि समेवर येण्याची वेळ होतांच बाकीचीं चाकें स्तब्ध केलीं. सर्व शक्यता ठाऊक असणें आणि त्यांतली नेमकी उचलणें, या दोहोंच्या मिलाफांतून कला होते.

विद्येचेंही तसेंच आहे. लातूरच्या परीक्षांच्या तयारीची पद्धति गेल्या कांहीं दशकांत महाराष्ट्रभर नांवाजली, आणि सरावाची पुनःपुन्हां आवृत्ति हें तिचें एक मुख्य अंग. आवृत्तीवांचून विद्या येत नाहीं, हें आपल्या पूर्वजांनींही मानलें. पण त्यांनीं आवृत्तीबरोबर नष्ट आणि उद्दिष्टही शिकविलें. आपण कितव्या ओळीवर उभे आहों, आणि जावयाचें आहे ती ओळ येथून किती दूर आहे, हें त्यांच्या शिष्याला सांगतां येत असे. लट्टलूरच्या नांवानें मिरवणारें राजकुल गेलें, देवगिरीचें राज्य गेलें, पाटणच्या मठांतील पाठही थांबले. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत आज जो मुलगा किंवा जी मुलगी आवर्तनांतल्या आवर्तनाशीं झगडत आहे, त्यांच्या गुरूंनीं एकदां फळ्यावर म, य, र, स, त, ज, भ, न हीं अक्षरें लिहावींत आणि विचारावें: पांचवा गण कोणता, आणि तो इतर न मोजतां कसा सांगाल?